तुकडी वाया जाते की घालवली जाते?

(द्वितीय वर्ष, कला)

मराठी वर्णमालेत ‘ड’ नंतर ‘ढ’ येतो, हे सर्वांनाच ठाऊक आहे. मला मात्र त्याचा अर्थ पाचवीत समजला. वाडीवरची चौथीपर्यंतची शाळा संपवून आम्ही मुले गावातल्या मोठ्या शाळेत गेलो, तेव्हा गुणांप्रमाणे चार तुकड्या पाडण्यात आल्या. वाडीवस्तीवरची बहुतेक मुले ‘ड’ मध्ये आली. पहिल्याच आठवड्यात एक गुरुजी वर्गावर आले आणि हजेरीपट उघडता उघडता म्हणाले, “‘ड’ नंतर काय येतं? ‘ढ’! म्हणजे तुमचं पुढचं आम्हांला ठाऊकच आहे.” सारा वर्ग हसला. मीही हसलो. गुरुजी विनोद करतात तेव्हा हसायचे असते, एवढेच त्या वयात कळत होते.

हे सारे पुन्हा आठवण्याचे कारण फार दूरचे आहे. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणाऱ्या मित्राचा आतेभाऊ अमेरिकेत शिकतो. त्याच्यामुळे या मित्राला तिकडच्या फुटबॉलचे वेड लागले. गेल्या एप्रिलमध्ये, परीक्षेच्या दिवसांत, एका रात्री अभ्यास आटोपल्यावर तो मला सांगू लागला, “तिकडे व्यावसायिक संघांच्या सर्वांत वाईट तुकड्यांच्या याद्या निघतात. कुठल्या संघानं कुठल्या वर्षी निवडलेली पोरं सगळ्यांत जास्त वाया गेली, याच्या याद्या!” त्याने ‘क्लास’ या शब्दासाठी सहज ‘तुकडी’ हा शब्द वापरला आणि माझी झोप उडाली. तेव्हापासून मिळेल तेवढे मी या विषयावर वाचीत आलो. त्यातून माझे जे मत बनले ते येथे मांडीत आहे. मत एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याचे आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

प्रथम हा प्रकार काय आहे ते सांगितले पाहिजे. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट असतो, तो हातात घेऊन पळतात, हाताने फेकतात, आणि खेळाडू डोक्याला टोप व खांद्याला कवच घालून एकमेकांवर आदळतात. चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. त्यांच्या राष्ट्रीय लीगमध्ये बत्तीस संघ आहेत. महाविद्यालयांतून खेळून आलेली मुले या संघांत वाटली जातात. त्या वाटपाला ‘ड्राफ्ट’ म्हणतात आणि ते दरवर्षी एप्रिलच्या सुमारास होते. आता त्याच्या सात फेऱ्या असतात आणि सुमारे अडीचशे मुलांची नावे पुकारली जातात. एका संघाने एका वर्षी घेतलेली सारी मुले म्हणजे त्या संघाची त्या वर्षाची तुकडी. मुलाने संघ निवडायचा नसतो. संघाने मुलगा निवडायचा असतो.

या पद्धतीची सुरुवात 1936 साली फिलाडेल्फियात झाली. ईगल्स या दुबळ्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी आदल्या वर्षी ही कल्पना मांडली होती. श्रीमंत संघ चांगले खेळाडू पळवतात आणि गरीब संघ कायमचे गरीब राहतात, ही त्यांची तक्रार. म्हणून ठरले असे की, जो संघ तळाला असेल त्याने पहिले नाव घ्यायचे आणि विजेत्याने शेवटचे. पंगतीत जो नेहमी शेवटी बसतो त्याच्या पानावर आधी वाढावे, असा हा न्याय आहे. मला तो मनापासून आवडला. आमच्यासारख्यांना तो न आवडेल तरच नवल!

परंतु पंगतीत आधी वाढले म्हणजे अन्न अंगी लागतेच असे नाही. पहिल्याच वर्षी बेल यांच्या संघाने पहिले नाव घेतले ते शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगर याचे. तो त्या काळचा देशातला सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू. तो व्यावसायिक फुटबॉल एक दिवसही खेळला नाही. पैशांचे जमले नाही आणि त्याने दुसरा मार्ग धरला. म्हणजे चुकलेल्या निवडीचा इतिहास निवडीच्या पहिल्या नावापासूनच सुरू होतो.

निवडीची रीत वाचली आणि मला आमचा बैलबाजार आठवला. फेब्रुवारीत इंडियानापोलिस शहरी तीनशेच्या वर मुले बोलावतात. त्यांची उंची, वजन, हाताची लांबी, पंजाची रुंदी मोजतात. चाळीस यार्ड पळवून सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ घेतात. वजन उचलायला लावतात. पूर्वी बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची लेखी परीक्षाही असे; ती 2022 पासून बंद झाली. आमच्याकडे खोंड घेताना आधी तोंड उघडून दात बघतात, मग खांदा चाचपतात, खूर उचलून पाहतात, थोडे पळवतात. फरक एवढाच की आमच्याकडे सौदा रुमालाखाली होतो आणि तिकडे लाखो लोक दूरचित्रवाणीवर तो बघत बसतात.

आता त्या प्रसिद्ध वाईट तुकड्या पाहू.

सर्वांच्या तोंडी असलेले पहिले नाव 1998 सालचे. त्या वर्षी दोन क्वार्टरबॅक मुलांची चर्चा होती, पेटन मॅनिंग आणि रायन लीफ. पहिला कोण आणि दुसरा कोण यावर जाणकारांत वाद होता. इंडियानापोलिसच्या कोल्ट्स संघाने मॅनिंगला घेतले. सॅन दिएगोच्या चार्जर्स संघाने तिसऱ्याऐवजी दुसरे नाव घेता यावे म्हणून पुढच्या वर्षाची पहिल्या फेरीची निवड आणि इतर बरेच काही देऊन टाकले, आणि लीफला घेतले. पहिल्या वर्षी लीफच्या फेकींतून दोन टचडाऊन झाले आणि पंधरा फेकी प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेल्या. एका सामन्यात तर पंधरांपैकी एकच फेक आपल्या माणसापर्यंत पोहोचली. तीन वर्षांत तो संघाबाहेर गेला. पुढे व्यसन आणि तुरुंग हेही त्याच्या वाट्याला आले. लीफचे नाव आज अमेरिकेत नावापेक्षा विशेषण म्हणूनच अधिक वापरले जाते.

येथे एक गोष्ट मात्र याद्या करणारे हळूच सांगतात. त्याच पहिल्या वर्षी मॅनिंगच्या किती फेकी प्रतिस्पर्ध्यांनी पकडल्या? अठ्ठावीस! नवख्या खेळाडूचा तो विक्रम आहे. त्याचा संघ सोळांपैकी तीनच सामने जिंकला. म्हणजे पहिल्या वर्षाच्या प्रगतिपुस्तकावर मॅनिंगही नापासच होता. पण कोल्ट्सने त्याला खेळवत ठेवले, त्याच्याभोवती माणसे उभी केली, आणि दुसऱ्या वर्षी तोच संघ तेरा सामने जिंकला. लीफ आणि मॅनिंग एकच होते असे मी म्हणत नाही. लीफचा स्वभाव तापट होता, मेहनतीत तो कमी पडला, आणि पुढे त्याने स्वतःच हे जाहीरपणे कबूल केले आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की, पहिल्या वर्षाच्या गुणांवरून दोघांत निवड करायची असती तर आपण सगळेच चुकलो असतो.

दुसरे उदाहरण 1999 सालच्या न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्स संघाचे. प्रशिक्षक माइक डिटका यांचा जीव रिकी विल्यम्स या एका मुलावर जडला. चेंडू घेऊन पळण्यात तो पटाईत. त्याच्यासाठी डिटकांनी त्या वर्षीच्या आपल्या साऱ्या निवडी देऊन टाकल्या, शिवाय पुढच्या वर्षीच्या पहिल्या आणि तिसऱ्या फेरीच्याही. म्हणजे त्या वर्षी सेंट्सची तुकडी एका मुलाची! दोघांचे नवरानवरीच्या वेषातले छायाचित्र मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो ते असे. संघ तीन सामने जिंकला, तेरा हरला, आणि डिटकांची नोकरी गेली. मुलगा मुळात बुजरा; माणसांत मिसळण्याची भीती वाटण्याचा आजार आपल्याला आहे, हे त्याने पुढे स्वतः सांगितले. एका बुजऱ्या मुलाच्या खांद्यावर अख्ख्या शहराची आशा ठेवण्यात आली होती. तोच विल्यम्स 2002 साली मायामीच्या संघाकडून खेळताना 1,853 यार्ड पळाला, त्या वर्षी साऱ्या लीगमध्ये सर्वांत जास्त. मग वाईट काय होते? मुलगा की सौदा?

तिसरे उदाहरण मला सर्वांत जास्त लागले. 2002 साली ह्यूस्टन येथे टेक्सन्स हा नवाकोरा संघ उभा राहिला आणि त्याने पहिले नाव घेतले डेव्हिड कार या क्वार्टरबॅकचे. क्वार्टरबॅकसमोर पाच धिप्पाड गड्यांची भिंत असते. ती टिकली तरच त्याला चेंडू फेकायला वेळ मिळतो. त्या भिंतीसाठी घेतलेला अनुभवी टोनी बोसेली दुखापतीमुळे एकही सामना खेळू शकला नाही. भिंत कच्चीच राहिली. त्या एका हंगामात कारला प्रतिस्पर्ध्यांनी शहात्तर वेळा चेंडूसकट जमिनीवर आडवे केले. हाही एक विक्रमच. शहात्तर वेळा पडून शहात्तर वेळा उठलेल्या या मुलाला लोक ‘वाया गेलेला’ म्हणतात!

कारविषयी वाचले आणि मला आमच्या खोंडाची आठवण झाली. काही वर्षांपूर्वी आबांनी बाजारातून एक चारदाती खोंड आणला होता. अंगाने चांगला, खांद्याने भरलेला. त्याच पावसाळ्यात आमचा जुना बैल आजारी पडला. नांगरट तर थांबेना, म्हणून आबांनी खोंडाला एकदम जड कामाला जुंपले. चार दिवस त्याने ओढले. पाचव्या दिवशी त्याने बसकण मारली ती मारलीच. शेपूट पिरगळली, चाबूक ओढला, तो उठेना. शेवटी पडेल भावात विकला. दोन वर्षांनी पोळ्याच्या मिरवणुकीत शेजारच्या गावच्या एकाच्या जोडीत तो दिसला. रंगवलेली शिंगे, ताठ मान. मी आबांना म्हणालो, “आबा, आपला खोंड बघा.” आबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “खोंड वाईट नव्हता रं. आपुन घाई केली.” आबा तिसरीपर्यंत शिकलेले आहेत. पण अमेरिकेतल्या कोट्यधीश संघमालकांना जे मान्य करणे जड जाते ते त्यांनी एका वाक्यात मान्य केले.

चुकीच्या निवडीचा दोष निवडणाऱ्याकडे जातो तो क्वचितच. डेट्रॉइटच्या लायन्स संघाचा कारभार मॅट मिलन यांच्याकडे 2001 ते 2008 एवढा काळ होता. त्यांनी 2003, 2004 आणि 2005 अशी सलग तीन वर्षे पहिल्या फेरीत चेंडू झेलणाराच खेळाडू घेतला. चेंडू फेकणाऱ्यापुढची भिंत आणि बचाव यांकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष झाले. पहिल्या मुलाचे, चार्ल्स रॉजर्सचे, गळ्याजवळचे हाड पहिल्या हंगामात मोडले आणि दुसऱ्या हंगामात पहिल्याच सामन्यात पुन्हा मोडले. पुढे तोही व्यसनात सापडला. 2008 साली हा संघ सोळाच्या सोळा सामने हरला. घरात तीन वर्षे फक्त मीठच भरायचे आणि मग मीठ खारट आहे म्हणून ओरडायचे, असा हा प्रकार नाही काय?

यावर कोणी म्हणेल, “अहो, पण परीक्षा नको, पारख नको, तर निवडायचे कसे?” प्रश्न रास्त आहे. मीही परीक्षेच्या विरुद्ध नाही. परीक्षा नसती तर मी येथवर आलोच नसतो. आमच्या वाडीला ओळखदेख देऊन कोणी प्रवेश दिला नसता. शिवाय काही मुले खरोखरच आळशी निघतात आणि काही स्वतःच्या हाताने स्वतःचे नुकसान करतात, हेही खरे. माझे म्हणणे परीक्षेविरुद्ध नसून परीक्षेवरच्या आंधळ्या विश्वासाविरुद्ध आहे. 2017 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी केड मॅसी यांच्यासह या ड्राफ्टचा अभ्यास केला होता. एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला अधिक चांगला निघण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा किंचितच जास्त असते, असे त्यांना आढळले. इतकी मोजमापे, इतका पैसा, इतके जाणकार, आणि अखेर छापा की काटा! हे ओळखून संघांनी अधिक नम्र व्हावयास हवे होते. पण वरचा क्रमांक मिळवण्यासाठी ते अधिकच मोठी किंमत मोजत राहिले.

आणि निकालाची घाई तर विचारूच नका. ड्राफ्ट संपल्याच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे प्रत्येक संघाच्या तुकडीला गुण देऊन मोकळी होतात. मुलांनी अजून संघाचा सदराही अंगात घातलेला नसतो. 2012 साली सिएटलच्या सीहॉक्स संघाच्या तुकडीला काही समीक्षकांनी असेच नापास केले होते. त्या तुकडीत बॉबी वॅग्नर होता, आणि उंची कमी म्हणून तिसऱ्या फेरीपर्यंत मागे राहिलेला रसेल विल्सन होता. फेब्रुवारी 2014 मध्ये याच मुलांच्या बळावर संघाने अजिंक्यपद मिळवले.

याहून बोलके उदाहरण न्यू इंग्लंडच्या पेट्रियट्स संघाच्या 2000 सालच्या तुकडीचे. त्या वर्षी त्यांच्याकडे पहिल्या फेरीची निवडच नव्हती. त्या तुकडीतली बहुतेक नावे आज त्यांच्या चाहत्यांनाही सांगता येणार नाहीत. फक्त सहाव्या फेरीत, 199 व्या क्रमांकावर, त्यांनी एक हडकुळा क्वार्टरबॅक घेतला. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. त्याचे नाव टॉम ब्रेडी. त्याने पुढे सात अजिंक्यपदे जिंकली. सुपर बोलच्या काळात कुठल्याही एका संघाने आजवर इतकी जिंकलेली नाहीत. ते एक नाव खोडा, आणि ती तुकडी वाईट तुकड्यांच्या यादीत सहज बसेल. ते एक नाव ठेवा, आणि ती इतिहासातली थोर तुकडी ठरते. ज्यांनी त्याला घेतले त्यांनाही पाच फेऱ्यांपर्यंत त्याची आठवण झाली नव्हती. मग ‘चांगली तुकडी’, ‘वाईट तुकडी’ हे शब्द आपण एवढ्या खात्रीने कशाच्या जोरावर वापरतो?

आता मी पुन्हा माझ्या ‘ड’ तुकडीकडे येतो. आमचा वर्ग पत्र्याच्या खोलीत भरे. पाऊस आला की शिकवलेले ऐकू येत नसे. गणिताला दिवाळीपर्यंत शिक्षक नव्हते. जे कोणी मोकळे असतील ते येऊन बसत. माझ्या बाकावर एक मुलगा होता. त्याचे नाव मी लिहीत नाही. ऊसतोडीच्या हंगामात त्याचे आईवडील कारखान्यावर जात, तेव्हा किती खेपा, किती टन, उचल किती आणि फिटली किती, हा सारा हिशेब तो तोंडी करी. मुकादमाची चूक त्याने एकदा भर फडात दाखवून दिली होती. वर्गात त्याला गणितात नऊ गुण पडले. पाढे येत नव्हते असे नाही. प्रश्नपत्रिका वाचताना तो अडखळे आणि वेळ संपे. दहावीनंतर त्याने शाळा सोडली. आज तो उसाचा ट्रॅक्टर चालवतो. मी सुट्टीत गेलो की हाक मारून थांबतो आणि विचारतो, “काय प्रोफेसर, कसं काय?” तो चेष्टेने म्हणतो, पण मला ते टोचते. आमच्या दोघांत फरक एवढाच होता की, आठवीत एका बाईंनी मला शाळा सुटल्यावर थांबवून घेऊन वाचन करून घेतले. त्यांना वेळ एकासाठीच होता, आणि तो योगायोगाने मी निघालो. तुकडीची यादी पाहून बाई थांबल्या असत्या तर आमच्या घरातला पहिला महाविद्यालयीन विद्यार्थी अजून जन्माला यायचा होता.

गुरुजनांची क्षमा मागून शेवटी एक धाडसाचे बोलतो. प्रथम वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी महाविद्यालयाच्या आवारातून जाताना “यंदाची बॅच अगदीच सुमार आहे” हे शब्द माझ्या कानांवर पडले. कोण बोलले याला महत्त्व नाही. आम्ही विद्यार्थीसुद्धा आमच्या मागच्या वर्गाबद्दल असेच बोलतो. त्या ‘सुमार’ बॅचमध्ये सकाळी दुधाचे कॅन पोहोचवून वर्गावर येणारे आहेत, एस.टी. चुकली तर पहिला तास बुडणारे आहेत, आणि इंग्रजीच्या पुस्तकापुढे कारसारखे रोज आडवे होऊन रोज उठणारेही आहेत. त्यांच्यापुढे भिंत उभी करायला आपण काय केले, हा प्रश्न निकालाच्या फलकापुढे उभे राहून आपण सर्वांनी स्वतःला विचारावा, एवढीच माझी विनंती आहे. वाईट तुकड्यांच्या याद्या खुशाल कराव्यात. पण त्या यादीत मुलांच्या नावांआधी निवडणाऱ्याचे, शिकवणाऱ्याचे आणि घाई करणाऱ्याचे नाव लिहावे.

मी स्वतःपुरते एक ठरवले आहे. या उन्हाळ्याच्या सुट्टीत वाडीवरच्या पाचसहा मुलांना रोज संध्याकाळी वाचायला बसवायचे. ट्रॅक्टरवाल्या मित्राला मी विचारले, “गणित तू शिकवशील का?” तो हसला आणि म्हणाला, “मी? ‘ड’ तुकडीचा?” मी म्हणालो, “म्हणूनच!” त्याने अजून होकार दिलेला नाही. पण “किती वाजता?” एवढे त्याने विचारले आहे.